राजकन्येचे दंड

सिनेमा चालू असताना बोलायची मला लहानपणापासून खोड. आमच्या किहीमला शाळेच्या पटांगणात पडदा बांधून सिनेमा दाखवायचे, तेव्हा या बडबडीपायी मी वडिलांचा मार खाल्ला आहे. एकदा तर मागे बसलेल्या एका गृहस्थांनी शांतपणे ओंजळभर वाळू माझ्या डोक्यावर ओतली होती. पुढे याच खोडीवर माझं घर चालणार आहे, असं कोणी सांगितलं असतं तर वडिलांनी त्यालाही दोन ठेवून दिल्या असत्या.

मी मूळचा ऑर्केस्ट्रातला नकलाकार. दोन गाण्यांच्या मध्ये वादकांना पाणी प्यायला वेळ मिळावा म्हणून जो माणूस येऊन नट आणि पुढारी यांचे आवाज काढतो, तो मी. ऑर्केस्ट्रा बसले तसा मीही बसलो. माझी सहकलाकार उर्मिला डबिंगमधली. परक्या सिनेमांतल्या बायकांना हिंदी आणि मराठी आवाज देणं हे तिचं काम. एकदा तिच्या डबिंगच्या स्टुडिओत असाच एक जुना सिनेमा बघत बसलो होतो. आम्ही त्यांना वहाणा-तलवारीचे सिनेमे म्हणतो. पुरुष गुडघ्याच्या वर झगा घालतात, पोटरीपर्यंत वाद्या बांधलेल्या वहाणा घालतात, कमरेला तलवार आणि छातीवर पुठ्ठ्याचं चिलखत. राज्य कुठलं, काळ कुठला, काही पत्ता नाही. आम्ही दोघं बघताबघता शेरे मारत होतो आणि शेजारच्या खोलीतली माणसं सिनेमा सोडून आम्हाला ऐकायला येऊन उभी राहिली. आमचा धंदा तिथे सुरू झाला.

या धंद्यात काय करतात ते थोडक्यात सांगतो, कारण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना ते अजून कळलेलं नाही. मोठ्या पडद्यावर सिनेमा चालू असतो. पडद्याच्या कडेला दोन खुर्च्या, दोन माइक, एक छोटा दिवा. सिनेमा आपल्या गतीने चालतो आणि पात्रं श्वास घ्यायला थांबली की त्या फटीत आम्ही बोलतो. सगळी कला त्या फटीची आहे. संवादावर बोललात तर लोकांना धड तेही ऐकू येत नाही आणि तुम्हीही नाही. फट चुकली की विनोद मेला. म्हणून एक सिनेमा आम्ही महिनोन्‌महिने घासतो. प्रेक्षकांना वाटतं, सगळं आयत्या वेळी सुचतंय. तसं वाटलं पाहिजे, त्याचीच मेहनत.

आमचा सगळ्यात चाललेला सिनेमा इथलाच, आमच्या किनाऱ्यावर चित्रित झालेला. नाव सांगत नाही, कारण त्याचे हक्क कोणाचे यावरून दोन चुलत भाऊ अजून भांडताहेत आणि खेळाची परवानगी आम्हाला दोघांकडून वेगवेगळी घ्यावी लागते. सिनेमा हिंदी. राजवाड्याच्या मागे माड. सैन्यातले अर्धे शिपाई अनवाणी, कारण वहाणा पुरल्या नसाव्यात. रथांची शर्यत आहे, त्यात मागे एक बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन शांतपणे चालत जाते. उर्मिला तिला रोज नवा भाव विचारायची.

आणि मग ते बुडणं. राजकन्येचं जहाज फुटतं, ती समुद्रात पडते, राजपुत्र उडी मारतो आणि तिला काढतो. राजपुत्र म्हणजे मुंबईचा एक पैलवान. राजकन्या नाजूक, गोरी, कुरळ्या बटांची. पण पाण्यात पडल्याबरोबर लांबून जी दिसते ती राजकन्या वेगळीच. सावळी, रुंद खांद्यांची, दंड असे की नांगर उचलावा. पोहते ती तर पाणी कापत जाते. या जागी आमचं ठरलेलं.

मी म्हणायचो, "अरेच्चा, पाण्यात पडली आणि रंग गेला!"

उर्मिला म्हणायची, "रंग जाऊ दे, दंड बघ. जहाज फुटल्यापासून हिने सहा महिने तालीम केलेली दिसते."

मग दोघंही पडद्यावर किनाऱ्याकडे यायला लागली की मी हळूच विचारायचो, "बाई, एक सांगा, तो तिला वाचवतोय, की ती त्याला ओढून आणतेय?"

हॉल कोसळायचा. पुण्याला, ठाण्याला, जिथे जाऊ तिथे. लोक नंतर भेटायला यायचे ते दंड वर करूनच.

विचित्र गिऱ्हाइकं आम्हाला पुष्कळ भेटली. एक निवृत्त हेडमास्तर पहिल्या रांगेत बसले होते. अर्धा तास दम धरला, मग उठून म्हणाले, "तुम्ही दोघं जरा गप्प बसाल का? आम्ही सिनेमा बघायला आलोय." त्यांना खरंच वाटलं होतं की आम्ही आगाऊ प्रेक्षक आहोत आणि खुर्च्या चुकीच्या जागी मांडून बसलोय. तळा गावी एका वसंत व्याख्यानमालेत दिवे गेले. पडदा काळा, माइक बंद. संयोजक घामाघूम. उर्मिला म्हणाली, थांबायचं नाही. आम्ही काळ्या पडद्यासमोर उभे राहून, आता राजा आला, आता दाढी चिकटली नाही म्हणून हाताने धरून बसला, असा पाऊण सिनेमा मोठ्याने सांगितला. दिवे आले तेव्हा लोकांनीच ओरडून सांगितलं, दिवे बंद करा, असंच चांगलं आहे. इतकं सगळं पाहिल्यावर स्टेजवर आपल्याला धक्का बसेल असं आता काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

मग प्रकाश म्हात्रे आले.

प्रकाशशेठ रेवदंड्याचे. ट्रकांचा धंदा, स्वभावाने मोकळे, बोलणं अर्धं मराठी, अर्धं मुंबईचं. आईची पंच्याहत्तरी होती. म्हणाले, "सर, ऑर्केस्ट्रा आणतो, कीर्तन आणतो, काय पायजे ते सांग म्हटलं आईला. ती म्हणते, त्या दोघांना आण. आणि सिनेमा पण तोच पायजे, तो समुद्राचा. नातीच्या मोबाइलवर बघितलाय तिने तुमचा तुकडा."

आम्हाला बरं वाटलं. पंच्याहत्तरीच्या आजींना आमचा खेळ हवा आहे, याहून मोठी पावती कुठली?

समारंभ गावातल्या एका हॉलमध्ये होता. दुपारी आमचा खेळ, मग जेवणं, मग औक्षण, असा बेत. काशीबाई म्हात्रे, म्हणजे प्रकाशशेठची आई, पहिल्या रांगेत मधोमध बसल्या होत्या. हिरवं नऊवारी, केस पांढरेशुभ्र आणि घट्ट बांधलेले, पाठ ताठ. डावीकडे मुलगा, सून, नात. उजवीकडे त्यांचे धाकटे दीर नामदेव म्हात्रे, ज्यांना सगळे नामाकाका म्हणत होते. थोरले वारल्यापासून भावकीत शब्द त्यांचा. थोरल्या म्हात्र्यांचा, म्हणजे काशीबाईंच्या नवऱ्याचा, हार घातलेला फोटो स्टेजच्या कोपऱ्यात खुर्चीवर ठेवला होता. मागे सगळा गोतावळा, मुलंबाळं, शेजारीपाजारी.

आम्ही नमस्कार करायला गेलो तर काशीबाईंनी उर्मिलाचा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "त्यो पान्यातला भाग कापू नका हां. लोकं वेळ न्हाय म्हनून कापतात."

"नाही कापणार, आजी," उर्मिला म्हणाली. "तोच तर आमचा हुकमी भाग आहे."

"म्हायती हाय," त्या म्हणाल्या.

खेळ सुरू झाला. प्रेक्षक असे की कलाकाराने नवस करावा. माड दिसले की पोरं ओरडत होती, "आपला किहीम!" मासळीवाली आली तेव्हा मागून कोणीतरी तिला नातं जोडून हाक मारली. नामाकाका सुरुवातीला छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते, तेही रथ आल्यावर मिशीत हसले. फक्त काशीबाई हसत नव्हत्या. पडद्याकडे टक लावून बघत होत्या. वयस्कर माणसं कधीकधी अशी बसतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

जहाज फुटलं. राजकन्या पाण्यात पडली. मी रंगाचं वाक्य टाकलं. हशा. उर्मिलाने दंडांचं टाकलं. मोठा हशा. प्रकाशशेठ मांडीवर थापा मारत होते. मी पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला आणि समोर बघतो तो काशीबाई उठल्या होत्या.

मला वाटलं, बाहेर जायचं असेल. त्या बाहेर गेल्या नाहीत. दोन पायऱ्या चढून स्टेजवर आल्या आणि सरळ पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या अंगावर पडला. समुद्राच्या लाटा त्यांच्या लुगड्यावरून जात होत्या. लोकांना वाटलं हाही खेळाचाच भाग, ते आणखी हसले. त्यांनी पदर खोचला, चोळीची बाही होती तिच्यावर हात फिरवून ती खांद्यापर्यंत सरकवली आणि आपला म्हातारा, सुरकुतलेला, पण अजून रुंद असलेला दंड पडद्यावरच्या त्या दंडाशेजारी धरला.

"ह्यो हात माझा हाय," त्या म्हणाल्या.

माइक नव्हता. पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मी स्टेजवर उभा राहून चाळीस वर्षं होत आली. विसरलेली वाक्यं, फाटलेला पडदा, दारू पिऊन आलेला तबलजी, सगळ्यावर मला काहीतरी बोलता आलं आहे. त्या वेळी माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. उर्मिलाकडे पाहिलं, तर तिने दोन्ही हात तोंडावर घेतले होते. आणि सिनेमा चालूच होता. मागे राजपुत्र छाती काढून म्हणत होता, "डरो मत शहजादी, मैं आ गया हूँ!" त्या वाक्याला नेहमी टाळी पडते. त्या दिवशी ते वाक्य हॉलभर एकटंच फिरलं.

प्रकाशशेठ अर्धे उठले, अर्धे बसलेले. "आई, काय बोलतेस तू?"

"खरं तेच. ती नटी पोहत नव्हती. पान्यात पाय घालायला रडायची. त्यांना पोहनारी पोरगी पायजे व्हती. मी खाडीत कालवं काढायला जायची, ते कुनीतरी सांगितलं. बा मिठागरावर व्हता. त्यानं न्हाय म्हटलं, मग आयनं गुपचूप जाऊ दिलं."

"कधी?"

"लगीन ठरलं व्हतं, झालं नव्हतं."

बायका एकमेकींकडे बघत होत्या. मला त्या क्षणी पुरतं कळलं नाही की सगळ्यांना हे इतकं का लागलं. उर्मिलाला माझ्या आधी कळलं. त्या काळी सिनेमात ओल्या कपड्यांत पोहलेली मुलगी आहे हे बाहेर आलं असतं, तर ठरलेलं लग्न त्याच दिवशी मोडलं असतं. ही बाई ते पोटात ठेवून या घरात आली, तीन मुलं वाढवली, सासू-सासऱ्यांचं केलं, नवऱ्याचं केलं. कोणाला म्हणजे कोणाला बोलली नव्हती.

नामाकाका उठले. आवाज चढवला नाही, पण चेहरा काळवंडला होता. "वयनी, खाली या. पोरंबाळं हायेत."

"पोराबालांनाच सांगते."

"म्हात्र्यांच्या घरात आजवर कुनी नाटक-सिनेमात गेलं न्हाय."

"मी तवा ठाकुरांच्या घरात व्हते," काशीबाई म्हणाल्या.

कुठेतरी मागे एक मुलगी फिसकन हसली आणि तिने तोंड दाबलं. नामाकाकांनी छत्री उचलली, बायकोकडे पाहिलं आणि चालायला लागले. त्यांच्यामागे त्यांचे मुलगे, सुना, त्यांची पोरं. खुर्च्या सरकल्याचा आवाज बराच वेळ चालला. उजवीकडच्या रांगा रिकाम्या झाल्या. प्रकाशशेठ काकांच्या मागे दारापर्यंत धावले आणि परत आले. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"आई, बाबांना माहीत होतं?"

काशीबाईंनी कोपऱ्यातल्या फोटोकडे पाहिलं. "न्हाय. म्हायती असतं तर तू नसतास." मग फोटोलाच म्हणाल्या, "मानूस देव व्हता, पन संशयी."

इतका वेळ कोंडलेला हॉल त्यावर फुटला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. काशीबाई उर्मिलाकडे वळल्या.

"बाय, मागं घे. जहाज फुटतं तिथपासून. आन आता तुमी दोघं गप ऱ्हावा. मी बोलते."

उर्मिलाने लॅपटॉपवर मागे घेतलं. मी माझा माइक काशीबाईंच्या हातात दिला. खेळ सुरू केल्यापासून माझा माइक मी कोणाला दिला नव्हता.

"ह्या बगा, पडले," काशीबाई म्हणाल्या. "आता त्यो पैलवान येतो. म्हनाला व्हता मला पोहता येतं. सगल्यांना सांगितलं व्हतं. छातीवर पुठ्ठा बांधलेला. पुठ्ठा भिजला, मनभर वजन झालं. ह्या बगा, लाट आली, त्यानं माझे केस धरले. मी वरडत न्हाय, मी त्याला शिव्या घालते. आवाज काढून टाकलाय त्यांनी म्हनून बरं."

हॉल हसत होता, पण सगळे पुढे वाकून बघत होते.

"आता किनारा आला. सगले म्हनतात तो मला आनतो. पाय बगा. कुनाचे पाय आधी टेकले? थांबव बाय. बगितले? माझे. त्याचे पाय अजून तरंगतात. मी त्याच्या पट्ट्याला धरून ओढते, माझा हात त्याच्या पाठीमागं हाय. त्यो जवळजवळ गेला व्हता. वर काढल्यावर समुद्राचं पानी ओकला. आन तो बाबा, सिनेमावाला, टाळ्या वाजवत म्हनतो, झकास, झकास!"

आम्ही तो भाग तीनदा लावला. मी तो सिनेमा शेकडो वेळा पाहिला आहे. प्रत्येक फट मला पाठ आहे. माझ्या समोर एक माणूस बुडत होता आणि एक मुलगी त्याला ओढून आणत होती, आणि मी त्यावर हशा घेत होतो. "ती त्याला ओढून आणतेय का?" हा आमचा विनोद होता. तो विनोद नव्हताच. जे घडलं ते मी उच्चारत होतो आणि मला पत्ता नव्हता. अंगावर काटा येतो म्हणतात, तो मला त्या दिवशी आला आणि जेवायला हात धुवेपर्यंत गेला नाही.

जेवण कसलं, उजवीकडची पंगत रिकामीच राहिली. औक्षण झालं. पंच्याहत्तर दिव्यांचं ताट सुनेने ओवाळलं. प्रकाशशेठ आमच्याशी बोलले नाहीत. निघताना फक्त नमस्कार केला, तोही जमिनीकडे बघून.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "सर, राग मानू नका. काकांनी घरी येणं सोडलंय. गावात चर्चा आहे. तुम्ही तो सीन काढून टाका. जमलं तर हा सिनेमाच बंद करा."

मी उर्मिलाला विचारलं. माझं मत, काढून टाकावा. सिनेमे काय, आम्हाला आणखी चार आहेत. उर्मिला म्हणाली, "मुलगा म्हणतो काढा, दीर म्हणतो बोलू नका. तिला कोणी विचारलंय? तिला विचारल्याशिवाय मी काही काढणार नाही आणि काही ठेवणारही नाही."

आम्ही रेवदंड्याला गेलो. प्रकाशशेठ धंद्यावर गेलेले. काशीबाई ओटीवर बसून वाल सोलत होत्या. नात शेजारी अभ्यासाला. आम्हाला बघून त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला आणि उर्मिलापुढे वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप सरकवलं. उर्मिला सोलायला लागली, मग मीही.

"राग आला होता का हो, आजी?" उर्मिलाने विचारलं. "आमच्या बोलण्याचा?"

"आला व्हता ना. ह्या पोरीनं मोबाइलवर लावलं. 'आजी, बग, पैलवान राजकन्या.' लोळून लोळून हसत व्हती. मला वाटलं, मोबाइल फेकावा मागच्या विहिरीत."

नात वहीत तोंड घालून लाजली.

"मग बोलावलंत कशाला?" मी विचारलं.

"दुसऱ्यांदा लावलं तवा तुझं ते ऐकलं. ती त्याला ओढून आनते का, म्हनून. मी म्हटलं, ह्या मानसाला दिसलं. एवढ्या वर्षांत कुनाला दिसलं न्हाय. मला सुद्धा बघायला मिळालं नव्हतं. सिनेमा अलिबागला लागला तवा मी नवी नवरी. नणंदा जाऊन आल्या. घरी येऊन सांगतात, कसा पोहतो राजपुत्र! मी भाकऱ्या थापत ऐकते."

त्यांनी सोललेल्या शेंगांची टरफलं बाजूला सारली.

"पन तवा बोलायची सोय नव्हती," त्या म्हणाल्या. "आता पंच्याहत्तर झाली. आता कोन माझं लगीन मोडतंय?"

"तुमच्या दिरांनी येणं सोडलंय म्हणतात."

"सोडू दे. मला त्याचं वाईट वाटतं. मी ह्या घरात आले तवा त्याला अर्धी चड्डी व्हती. माझ्या हातचं जेवून वाढलाय. पन तेवढ्यासाठी मी आता खोटं बोलनार न्हाय."

उर्मिलाने विचारलं, "त्या नटीबद्दल काही आठवतं?"

"भली व्हती. पान्यातनं आले तर थंडीनं थडथडत व्हते. तिनं आपला टॉवेल दिला आन माझे केस पुसले सोताच्या हातानं. म्हनाली, तू नसतीस तर मला पडायला लागलं असतं. मोठी बाई व्हती, मला हात जोडले." त्यांनी मूठभर वाल परातीत टाकले. "मोप गोरी. तुमी ते रंगाचं बोलता ना, ते तिच्यासमोर मी काळीच दिसनार."

उर्मिला खाली मान घालून म्हणाली, "ते रंगाचं आम्ही काढून टाकतो."

"काढा. ते कुनालाच चांगलं वाटत न्हाय. दंडाचं ठेवा."

"दंडाचं ठेवू?" मी चमकून विचारलं.

"दंड हायेत तर बोलनारच लोकं. हसू दे. पन हसून झालं का सांगायचं, हे दंड कुनाचे. नाव घ्यायचं." त्यांनी हात थांबवला. "आन म्हात्रे लावू नका. नामाला तरास. काशी ठाकूर म्हना. तवा मी तीच व्हते."

अलिबागच्या आमच्या पुढच्या खेळाचं त्यांना आमंत्रण दिलं. मुलाला कसं पटवलं ते त्यांनाच ठाऊक, पण खेळाच्या दिवशी प्रकाशशेठ आईला घेऊन आले. अजून अवघडलेले होते, तरी माझ्याशी हात मिळवला. काशीबाई पहिल्या रांगेत नातीशेजारी बसल्या, तीच ताठ पाठ. हॉल भरलेला. मी पुष्कळ वर्षांत असा घाबरलो नव्हतो. हसवणं मला जमतं. एखाद्या माणसाचं नाव घेण्यासाठी सिनेमा थांबवायचा, तोही हशाच्या ऐन उकळीत, हे आमच्या धंद्यात कोणी करत नाही. हशा मेला तर परत उठत नाही.

जहाज फुटलं. रंगाची फट आम्ही कोरी जाऊ दिली. मग उर्मिलाने दंडांचं वाक्य टाकलं. हशा आला, नेहमीसारखाच. माझ्या वाक्यालाही आला. दोघं किनाऱ्याला लागायच्या बेतात असताना उर्मिलाने चित्र थांबवलं आणि मी उठून उभा राहिलो.

"मंडळी, हा विनोद नाही," मी म्हणालो. "ही खरंच त्याला ओढून आणते आहे. राजपुत्राला पोहता येत नव्हतं. हे दंड राजकन्येचे नाहीत. या मुलीचं नाव काशी ठाकूर."

हशा थांबला. टाळ्या पडतील की लोक उठतील, काही समजेना. तेवढ्यात मागच्या रांगांमधून कोणीतरी खुर्ची खडखडवत उठलं.

"ठाकूर न्हाय!"

सगळा हॉल वळला. नामाकाका उभे होते. हातात छत्री, अंगात इस्त्रीचा सदरा. कधी आले, कोणाबरोबर आले, आम्हाला काही माहीत नव्हतं. प्रकाशशेठ तर तोंड उघडं टाकून बघत होते. आता हा माणूस भर हॉलमध्ये काय बोलणार?

"ठाकूर लगनाच्या आधी," नामाकाका ओरडले. "आता म्हात्रे हाय ती. काशीबाई म्हात्रे. नीट सांगा लोकांना. आमची वयनी हाय!"

टाळ्यांचा पहिला आवाज कुठून आला ते मला सांगता येणार नाही. मग सगळीकडून आला. लोक उभे राहिले. नामाकाकांना एवढ्या माणसांचं काय करावं ते कळेना, ते छत्री धरून तसेच उभे. उर्मिला रडत होती आणि चित्र पुढे न्यायचं विसरली होती. पडद्यावर ती मुलगी अजून त्या पैलवानाला पट्ट्याला धरून उभी होती.

काशीबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. नुसता हात वर केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, बसा आता खाली. मागच्यांना दिसत न्हाय."